पळसावर फिरवलेला हात

माघ सरत आला की आमच्या जळगावच्या कॉलनीतला निंब पिवळा पडतो आणि अंगणभर पानं सांडतो. बायको सकाळी झाडू मारता मारता त्याला बोल लावते. मी गप्प असतो. या दिवसांत मी एरवीपेक्षा जास्तच गप्प असतो हे तिच्या लक्षात आलं आहे, पण कारण मी तिला कधी सांगितलं नाही. आज ते लिहून टाकतो. यासीन पेंटरांचं सगळ्यात चांगलं चित्र मी बिघडवलं, आणि ते त्यांनीच बिघडवलं असं लोकांना वाटू दिलं.

भडगावच्या एका हायस्कुलात मी सतरा वर्षं चित्रकला शिकवली. यासीनभाई तिथे पहिल्यांदा आले ते व्हरांड्याच्या भिंतीवर सुविचार लिहायला. उंच, वाळका माणूस, कानावर पेन्सिल, आणि पायजम्यावर उजव्या मांडीपाशी सगळ्या रंगांचा मिळून झालेला एक जाड डाग, कारण ब्रश ते तिथेच पुसायचे. घरात त्यांची बोली हिंदी-उर्दू, पण वाढले गिरणाकाठच्या खेड्यात, त्यामुळे बाहेर सगळ्यांशी अहिराणी. मला ते गुरुजी म्हणायचे. मी हायस्कूलचा सर आहे, गुरुजी प्राथमिकला असतात, असं मी त्यांना एकदा सांगूनही पाहिलं. ते बरं म्हणाले आणि पुढच्या वाक्यात पुन्हा गुरुजीच म्हणाले.

सुविचार लिहून झाल्यावर ते माझ्या वर्गात डोकावले. सहावीच्या मुलांची निसर्गचित्रं मी दोरीवर वाळत घातली होती. सगळ्या महाराष्ट्रात काढतात तेच चित्र: दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य, त्यातून निघालेली नदी, काठावर एक घर आणि एक झाड. यासीनभाईंनी हात मागे बांधून चाळीसच्या चाळीस चित्रं पाहिली आणि अगदी साधेपणानं विचारलं, "गुरुजी, हाई कोनता महिनानं शे?"

डिप्लोमाच्या परीक्षेत मला कुणी असलं काही विचारलं नव्हतं. मी म्हणालो, निसर्गचित्र आहे, महिना कशाला हवा? त्यावर त्यांनी फक्त पुन्हा एकदा दोरीकडे पाहिलं. त्या दिवसापासून मी मुलांना चित्राखाली महिना लिहायला लावू लागलो. माझी म्हणून जी पद्धत तालुक्यात थोडीफार नावाजली, ती अशी त्यांच्याकडून उचललेली होती. हे मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही.

पाटी लिहिण्याची त्यांची एक रीत होती. पाटी पूर्ण झाली की ते मालकाला समोर उभं करायचे, स्वतः पाटीकडे पाठ करायचे आणि म्हणायचे, वाचा. मालकानं पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचं. तो न अडखळता वाचून गेला, तरच यासीनभाई उजव्या कोपऱ्यात बोटभर उंचीची सही करायचे: यासीन, भडगाव. स्वतः लिहिलेलं आपल्याला नेहमी बरोबरच दिसतं, म्हणून दुसऱ्यानं वाचायचं, असं त्यांचं म्हणणं. बाजारातल्या एका कापडवाल्यानं एकदा वाचायला नकार दिला. गिऱ्हाइकांसमोर त्याला लाज वाटली असेल. छान आहे, छान आहे, करा सही, असं तो म्हणत राहिला. यासीनभाईंनी ब्रश तेलात बुडवून फडक्यात गुंडाळले आणि सही न करता निघून आले. ती पाटी पुढे कितीतरी वर्षं सहीवाचून लटकत होती, आणि गावात लोक ती एकमेकांना दाखवायचे.

पण त्यांचं खरं काम या बाजारातलं नव्हतं. संक्रांत झाली की ते सायकलच्या कॅरिअरला एक जुना पत्रा बांधून गिरणाकाठी जायचे. मोडीत निघालेल्या दुकानांच्या पाट्या ते मागून आणत आणि त्यावरच एनॅमलचा पांढरा हात मारून चित्र काढत. दगडू आबांच्या शेताच्या बांधावर एक पळस होता. पुढे आबांचा गहू, त्यापलीकडे नदीचं पात्र. संक्रांतीपासून होळीपर्यंत, आठवड्यातून तीन-चारदा, सकाळी नऊच्या सुमारास यासीनभाई त्या एकाच जागी उकिडवे बसत आणि तोच देखावा रंगवत. गंमत अशी की हंगामभर पत्रा एकच असायचा. झाड बदललं की कालच्या रंगावर आजचा रंग. धुकं गेलं की चित्रातलंही धुकं जायचं. पात्रातलं पाणी आटून डोहांपुरतं राहिलं की चित्रात वाळू वर यायची.

मी रविवारी त्यांच्यासोबत जाऊ लागलो. रंगांचं मला जे खरंखुरं कळतं ते तिथलं आहे. त्यांच्याकडे हिरव्या रंगाचा डबा कधीच नव्हता. पिवळ्यात काळा घालून ते गव्हाचा हिरवा करायचे आणि दर आठ दिवसांनी त्यात पिवळा एका बोटानं वाढवायचे. थंडी निळी नसते, मळकट असते, हे त्यांनी दाखवलं. बांधाची सावली माघात लांब आणि ओलसर असते, फाल्गुनात आखूड होते आणि तिची कड टोकदार होते, हेही. एक दिवस ते नुसतेच बसले होते. रंगवत का नाही म्हणून विचारलं तर म्हणाले, वारा फिरला, आज डोळ्याला कळायचं नाही, उद्या कळेल. दुसऱ्या दिवशी खरोखरच पळसाच्या काळ्या फांद्यांवर मखमली कळ्या दिसू लागल्या.

आधीचं चित्र पुसलं जातं याची हळहळ मलाच. एकदा धुक्यातला पळस इतका सुंदर उतरला होता की मी म्हणालो, हे असंच ठेवा, पुढचं दुसऱ्या पत्र्यावर काढा. त्यांनी हसून विचारलं, "झाड मांगलं पान ठेवस का? मंग मी कसाले ठेवू?"

होळीच्या आधी चित्र संपायचं. तेव्हा ते दगडू आबांना हाक मारत, पत्रा बांधाला टेकवत आणि पाठ फिरवून उभे राहत. आबांना अक्षरओळख नव्हती. पण चित्र ते वाचायचे. डोळे बारीक करून आधी जमीन पाहायचे, मग गहू, मग सावली, सगळ्यात शेवटी झाड. आणि सांगायचे: फाल्गुन लागून पाच-सहा दिवस झाले, गव्हाला आता पाणी नको, दुपारी वावटळ उठत असेल. बरोबर आलं की यासीनभाई सही करायचे. चुकलं तर नाही. चुकल्याचं एक वर्ष मी पाहिलं आहे. आबा म्हणाले सावली जुनी आहे, आणि यासीनभाई दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल घेऊन आले.

आता माझं.

फ्लेक्स आल्यावर पाट्यांचं काम आटत गेलं होतं. गाड्यांचे नंबर, शाळांच्या भिंती, एखादी कमान, इतकंच उरलं. यासीनभाई तक्रार करत नसत, पण बाजारातून जाताना मान वर करत नसत. त्या सुमारास धुळ्याच्या एका कलामंडळानं एका दिवसाचं प्रदर्शन जाहीर केलं, विषय हिवाळ्याकडून वसंताकडे. मला वाटलं, हे तर त्यांच्यासाठीच आहे. चार जाणकारांनी त्यांचं चित्र पाहावं, गावाला कळावं की हा माणूस कोण आहे. हे खरं आहे. आणि त्यांना मी शोधून काढलं असं लोकांनी म्हणावं असंही मला वाटत होतं, तेही तितकंच खरं आहे.

त्या वर्षी थंडी हटेना. प्रदर्शनाची तारीख जवळ आली तरी आबांचा गहू हिरवागार होता आणि पळसावर कळ्यासुद्धा नव्हत्या. यासीनभाई द्यायला तयार नव्हते. मी चार दिवस मागे लागलो. शेवटी त्यांनी पत्रा माझ्या हवाली केला आणि म्हणाले, "व्हयेल नही अजून. जसं शे तसं लावज्यात. सही मी नंतर करसू."

मी चादरीत गुंडाळून तो घरी आणला.

आम्हा चित्रकला शिक्षकांना एक खोड असते. स्पर्धेला चित्रं पाठवायची म्हटलं की आदल्या दिवशी मुलांच्या चित्रांवरून आम्ही आपला हात फिरवतो. आभाळ जरा सारखं करायचं, चेहऱ्याला नाक द्यायचं, झाडाला उजेडाची बाजू द्यायची. याला आम्ही फसवणूक म्हणत नाही, फिनिशिंग म्हणतो. मुलाला बक्षीस मिळतं, शाळेचं नाव होतं, आणि पोरगं इतकं खूश असतं की आपल्या चित्रातलं नाक आपलं नाही हे ते विसरून जातं. सतरा वर्षांत मी अशी किती नाकं काढली असतील याचा हिशेब नाही.

रविवारी दुपारी मी पत्रा खिडकीशी लावला आणि परीक्षकांच्या नजरेनं पाहू लागलो. हिवाळा होता. मळकट उजेड, लांब सावली, ओंबीत दाणा भरत असलेला गहू, काळा उघडा पळस. पण वसंत कुठे होता? विषयात वसंत होता. मला वाटलं, एवढ्यासाठी मागे पडेल बिचारा. मी माझ्या ट्यूबमधला शेंदरी काढला, त्यात थोडा लाल घातला, चार नंबरचा ब्रश घेतला. आधी वरच्या फांदीवर सात-आठ ठिपके दिले. चांगले दिसले. मग खालच्या फांदीवर. तासाभरात पळस पेटला होता. मला स्वतःचं कौतुक वाटलं, हेही लिहितो. सहीची जागा रिकामी होती. सहीवाचून चित्र घेणार नाहीत असं मी स्वतःला सांगितलं आणि त्यांच्याच वळणात कोपऱ्यात लिहिलं: यासीन, भडगाव.

पत्रा मी आधीच धुळ्याला पोचवला, आणि उद्घाटनाला त्यांना घेऊन गेलो. दगडू आबांची लेक धुळ्यालाच दिलेली, म्हणून आबाही एसटीत बसले. यासीनभाईंनी पांढरा कुर्ता घातला होता आणि रंगाचा डाग नसलेला पायजमा. रस्ताभर ते खिडकीतून गव्हाची शेतं बघत होते.

हॉलमध्ये ते आपल्या चित्रासमोर आले आणि थांबले. मी शेजारी होतो. ते चिडतील, निदान काय केलंत म्हणून विचारतील अशी माझी तयारी होती. समजावण्याची वाक्यं मी एसटीतच जुळवून ठेवली होती. पण ते वळले, चित्राकडे पाठ करून उभे राहिले आणि आबांना म्हणाले, "वाचा आबा."

आबांनी रीतीप्रमाणे आधी जमीन पाहिली. गहू पाहिला. सावली पाहिली. मग वर बघितलं आणि चष्मा काढून धोतरानं पुसला. पुन्हा पाहिलं.

"गहू हिरवा शे नि पळस फुलेल शे?" आबा म्हणाले. "असं नही व्हस. हाऊ पळस मना बांधवरना नही."

आबांचा आवाज शेतातला, हॉलभर ऐकू गेला. दोन-तीन शिक्षक हसले. एक परीक्षक जवळच होते, ते पुढे आले आणि मोठ्या आपुलकीनं यासीनभाईंना म्हणाले, म्हातारबाबांचं बरोबर आहे हो, फुलं काढताना तुमचं गव्हाकडे लक्ष गेलं नाही का?

यासीनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एक श्वास घ्यावा इतकाच. त्या वेळात मी बोलू शकलो असतो. मी शेजारच्या चित्राखालची चिठ्ठी वाचत होतो. कुणाचं चित्र, कोणतं गाव, काही आठवत नाही, पण मी ती दोनदा वाचली.

"मनीच चूक शे," यासीनभाई म्हणाले. "घाई व्हई गयी."

चित्राला दुसरा क्रमांक मिळाला. पाहुण्यांनी भाषणात फुलांचाच उल्लेख केला. यासीनभाई मंचावर गेले, शाल अंगावर घेतली, नारळ घेतला, टाळ्या झाल्या आणि ते खाली आले. परतीच्या एसटीत त्यांनी पत्रा मांडीवर धरला होता, चित्राची बाजू आत. आबा झोपले. मीच बोलत होतो, पुढच्या वर्षी नाशिकला पाठवू वगैरे. ते हां म्हणत होते. भडगावला उतरल्यावर शाल त्यांनी घडी घालून काखेत धरली आणि नेहमीसारखं म्हणाले, येतो गुरुजी.

ते होळीपर्यंत नदीवर गेले नाहीत. त्या वर्षीचा पळस त्यांनी पाहिला नाही. पुढच्या संक्रांतीला मी चौकशी केली तर डोळ्यांचं निमित्त सांगितलं. पण डोळ्यांचं असतं तर गाड्यांचे नंबर कसे काढत होते? मला सगळं समजत होतं आणि मी समजत नसल्यासारखं वागत होतो. एकदा एका पिठाच्या गिरणीवर त्यांना पाटी लिहिताना पाहिलं. लिहून झालं, त्यांनी ब्रश पुसला, शिडी उचलली. मालकाला वाचायला सांगितलं नाही. सही केली नाही. मी रस्त्याच्या या बाजूला सायकल धरून उभा होतो, तसाच घरी गेलो.

मग संस्थेनं मला जळगावच्या शाळेत घेतलं. मी सुटलो असं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. पाच-सहा वर्षांत मी निवृत्त झालो. भडगावला जायची कारणं मी टाळत गेलो. गेल्या फाल्गुनात दगडू आबा गेल्याचं त्यांच्या मुलानं कळवलं, तेव्हा मात्र दारावर जाणं भाग होतं. आबांच्या ओट्यावर बसून उठलो आणि पाय यासीनभाईंच्या गल्लीकडे वळले. आता आबाही नाहीत, यासीनभाई गेले तर हे बोलायला माणूस उरणार नाही, एवढंच डोक्यात होतं. भीती खरीच होती. त्यानंतरच्या पौषात तेही गेले.

ते घरासमोर खाटेवर बसले होते. दाढी पांढरी, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, उजवा हात सारखा हलत होता. तो ते डाव्या हातानं दाबून धरत. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि भाभींना चहा ठेवायला सांगितलं. मी चहा येण्याआधीच बोललो, नाहीतर बोललो नसतो. फुलं मी काढली. सही मी केली. आणि त्या दिवशी मी गप्प बसलो.

ते ऐकत होते. मग म्हणाले की फुलं कुणाची ते त्यांना हॉलमध्ये पाहताक्षणीच कळलं होतं. ठिपका उचलताना माझा ब्रश डावीकडे ओढला जातो, हे त्यांना माझ्या वर्गातल्या चाळीस चित्रांपासून माहीत होतं. त्यातल्या निम्म्यांवर माझाच हात फिरलेला होता.

मी म्हणालो, पत्रा आहे का? ती फुलं मी काढून टाकतो. ते नको म्हणाले. मी ऐकलं नाही. पत्रा मागच्या खोलीत होता, भिंतीकडे तोंड करून उभा. मी तो उजेडात आणला, रंग खरवडायची पट्टी शोधली आणि सगळ्यात वरच्या फांदीवरच्या एका फुलाखाली हलकेच घातली. फूल निघालं. त्याच्यासोबत फांदी निघाली. त्याखालचं आभाळ, त्याखालचं संक्रांतीचं धुकं, सगळा एकच पापुद्रा होऊन माझ्या हातात आला, आणि पत्र्यावर कुठल्यातरी जुन्या दुकानाचा पिवळा रंग उघडा पडला.

यासीनभाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात हलत होता, म्हणून माझाही हलू लागला.

"बस, गुरुजी. फुलं ते कोन्ही बी काढस," ते म्हणाले. "आबानी वाचं तव्हय तुम्ही बोलतात ते आपन तिन्ही हासतूत. हासतूत आनि घर येतूत. दुसरा दिन मी नदीवर जातू."

मी तेव्हा बोललो असतो तर तिघं हसून घरी आलो असतो, एवढंच; त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी गाडी चुकली तर माणूस सांगतो, पाच मिनिटं आधी निघायला हवं होतं, तसं त्यांनी सांगितलं. मला रडू आलं. भाभी चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून आत गेल्या. आम्ही चहा प्यायलो. ते बशीत ओतून पीत. हात हलत असल्यानं थोडा सांडला तो मी पुसला.

नको म्हणत असतानाही ते मला स्टँडपर्यंत सोडायला आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून सावकाश चालत होते. त्यांना नमस्कार करणारी माणसं वाटेत बरीच भेटली. जळगावची गाडी लागली होती आणि आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाहेरून खिडकीशी जाऊन त्यांनी आत बसलेल्या एका ओळखीच्या माणसाला हाक मारली. त्यानं विचारलं, काय पेंटरबाबा, पाहुणा कोण?

"आमना गुरुजी शेतस," यासीनभाई म्हणाले. "त्यासले चित्रं समजतस. जागा दे त्यासले."

तो माणूस लगेच उठला, पिशवी उचलून बाजूला झाला आणि मला खिडकीची जागा करून दिली. खाली यासीनभाई उभे होते, मी नीट बसलो की नाही हे पाहायला. मी बसलो.